चाकाखालचा चिरा

आमच्याकडे काहीही डुगडुगलं की त्याखाली चिरा सारतात. मांडवाचा खांब, पाण्याची टाकी, पंगतीचं टेबल, सगळ्यांना एकच औषध. जांभ्याचा तुकडा हाताशी असतोच, आणि डोकं वापरायचा त्रास वाचतो. मला या सवयीचा आता संताप येतो.

रत्नागिरीजवळच्या एका आंब्याच्या पल्पच्या कारखान्यात मी वायरमन आहे. उंचावरच्या कामांसाठी तिथे भाड्याने सिझर लिफ्ट यायची. खाली चाकं, मध्ये कात्रीसारखे उघडणारे लोखंडी हात आणि वर कठडा असलेला पाळणा. आम्ही तिला कात्रीच म्हणायचो. ती सपाट फरशीवर चालवायची. जमीन तिरकी असली की बझर वाजतो आणि ती वर जात नाही. एवढी अक्कल त्या यंत्रात होती, माणसांत भरायची राहून गेली.

त्या दिवशी शेडच्या बाहेरच्या भिंतीवर, उघड्या उंचसखल कातळावरून, दिवे बसवायचे होते. माझ्याबरोबर कित्येक वर्षं काम केलेला जोडीदार पाळण्यात चढला, पट्टा अडकवला, बटण दाबलं. बझर कोकलायला लागला.

"उतर," मी खालून म्हटलं. "परांची बांधूया."

मॅनेजर सावलीत उभे होते. मालक यायच्या आत त्यांना दिवे लागलेले हवे होते. "परांची कधी बांधणार? वायच चिरा लाव रे चाकाखाली. काय होत नाय."

"साहेब, चिरा फुटेल. वजन बघा केवढं आहे."

"चिऱ्यावर आमची घरं उभी हायत. तुझी कात्री घरापेक्षा जड काय?"

सगळे हसले. चिरा लागला, चाक उचललं गेलं, बझर गप्प झाला. तिरकेपणा तेवढा त्याला कळतो, चाकाखाली काय सारलंय ते कळत नाही. मी ओरडत होतो, पण जोडीदार वरून म्हणाला, "र्‍हावूदे दादा, दोनच दिवे हायत," आणि वर गेला.

चिरा भुसभुशीत निघाला. बिस्किटासारखा चुरला. कात्री कलली आणि शेडच्या भिंतीवर आदळून अडकली, म्हणून तो जिवंत राहिला. उजवा हात मात्र भिंत आणि कठड्याच्या मध्ये चेचला. शिडीवरून खाली आणताना तो बोटांकडे बघत विचारत होता, "हलतायत काय, दादा?" हलत नव्हती. त्याची मूठ आजही वळत नाही, आणि त्याचं पोट त्याच हातावर होतं.

मला वाटलं, आता चौकशी होईल. झालं काय, तर देवाला गाऱ्हाणं! कातळावरचा राखणदार, जागेची राखण करणारा देव, कोपला म्हणे. त्याच जागी विडा, नारळ, अगरबत्ती. राखणदाराला मीही मानतो, पण चाकाखाली चिरा त्याने ठेवला नव्हता. जोडीदारालाही बोलावून घेतलं होतं, हात गळ्यात बांधलेला. गावातले एक म्हातारे गाऱ्हाणं घालत होते आणि प्रत्येक वाक्याला आम्ही "व्हय म्हाराजा" म्हणत होतो.

"या लेकराच्या हातून काय चूकभूल झाली आसंल, तर पदरात घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सर्वांत मोठा आवाज मॅनेजरचा.

माझ्या शेजारी जोडीदाराने डावा हात कपाळाला लावला आणि खाली मान घालून तोही म्हणाला, "व्हय म्हाराजा." त्याला याच कारखान्यात कसलं तरी काम हवं होतं.

माझं डोकंच फिरलं. सगळ्यांच्या देखत मी ओरडलो, "नाय म्हाराजा!"