गुपचूपच्या गोष्टीचा शेवट

अध्यापक विद्यालयात त्यांना सगळे गोष्टबाईच म्हणत. पुढे प्राथमिक शाळेत शिकवायला जाणाऱ्या मुलामुलींना त्या मुलांसाठी गोष्टी लिहायला आणि सांगायला शिकवत. वर्गात शिरण्याआधी दाराशी क्षणभर डोळे मिटून देवाचं नाव घ्यायच्या. स्वतः मात्र त्यांनी आजवर एकही गोष्ट लिहिली नव्हती. कुणी छेडलंच, तर म्हणायच्या, "मीठ किती घालायचं ते सांगणारी मी. चुलीशी तुम्ही बसा."

त्यांचा एक हट्ट होता. गोष्ट ऐन रंगात आली की सांगणाऱ्याने थांबायचं. "शेवट मुलांच्या पदरात टाका. घरी जाऊन ती डोकं चालवतील."

त्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या सरावशाळेत पहिलीच्या मुलांना गोष्ट सांगायची पाळी शिडीची होती. पोरगी उंच, म्हणून शिडी. तिच्या गोष्टीत गुपचूप नावाचा एक जीव होता. तो अंधाऱ्या, चिंचोळ्या जागेत राहायचा आणि फारच लाजाळू होता. जो एकटा चिडीचूप बसेल, त्यालाच भेटायचा. कुणी हाक मारली आणि बसणाऱ्याने ओ दिली, की कायमचा निघून जायचा. एवढं सांगून शिडी थांबली. मुलं ओरडली, "पुढे काय झालं?" मागच्या बाकावरून बाई म्हणाल्या, "शाबास."

शाळा सुटली. फाटकाशी एक आजोबा हातात नातीचा स्वेटर घेऊन उभे होते. सगळी मुलं गेली, तरी ते तिथेच.

"आमची चिमणी अजून आली नाही हो," ते म्हणाले.

आधी कुणी फारसं मनावर घेतलं नाही. शिपाईकाका म्हणाले, "असेल नळावर पाण्यात खेळत." ती नळावर नव्हती. वर्गात नव्हती. मैदानात तर चिटपाखरू नव्हतं. मग हाका सुरू झाल्या. शिडी जिन्यावरून, काका गच्चीवरून, आजोबा फाटकातून. बाईही घसा फोडून हाका मारत होत्या. प्रत्येक हाकेनंतर सगळे कान देऊन थांबत. उत्तर नाही. आजोबांच्या हातातल्या स्वेटरचा पिळा झाला होता.

"रस्त्यावर तर गेली नाही ना?" ते स्वतःशीच म्हणाले.

बाई पुन्हा हाक मारायला गेल्या आणि मधेच थबकल्या. ओ दिली की गुपचूप निघून जातो. म्हणजे पोर ऐकत असेल, तर आपल्या प्रत्येक हाकेसरशी ती ओठ आणखी घट्ट मिटत असेल.

"गप्प बसा सगळे," त्या म्हणाल्या. "शिडी, तुझ्या गोष्टीचा शेवट काय?"

"शेवट?" शिडी म्हणाली. "केलाच नाही बाई. तुम्हीच म्हणालात, मुलांवर सोडा."

बाईंनी क्षणभर डोळे मिटले. देवा, आता चुलीशी मीच. भिंतीला हात लावत त्या वर्गांसमोरच्या बोळातून चालू लागल्या. आवाज त्यांनी गोष्ट सांगण्याइतकाच ठेवला.

"गुपचूप अंधारात बसला होता. त्याला भेटायला एक मुलगी आली. ती इतकी शांत बसली, की गुपचूपलाच भीती वाटली. त्याला वाटलं, ही आता कधी बोललीच नाही तर? मग त्यानेच हळूच विचारलं, 'तू आहेस ना?' आता ती बोलली, तरी तो जाणार नव्हता. त्याला तर उत्तरच हवं होतं."

बाई बोळाच्या टोकाला, बाहुल्यांच्या खोलीपाशी पोचल्या. ही खोली मघाशी पाहून झाली होती. तिथे बाहुलीनाट्याची मोठी लाकडी पेटी होती. झाकण आपटलं की तिची कडी आपोआप पडायची. पडलेली कडी पाहून काका तसेच परतले होते.

"त्याने पुन्हा विचारलं, 'तू आहेस ना?'"

"आहे," पेटीतून अगदी बारीक आवाज आला. "पण मला गरम होतंय."

बाईंना कडी उघडेना. काकांनी ती उचकटली. चिमणी घामाने चिंब होती, केस कपाळाला चिकटलेले. आजोबांनी तिला उचललं आणि तिच्या मानेत तोंड खुपसलं.

काका कडीकडे बघत राहिले. "मीच बघायला हवं होतं," ते म्हणाले.

"नाही काका," बाई म्हणाल्या. "तुमच्याआधी मी."

त्या तिथेच फरशीवर बसल्या. चिमणी आजोबांच्या खांद्यावरून त्यांच्याकडे बघत होती.

"बाई, मग पुढे काय झालं?"

'तूच सांग' हे शब्द सवयीने बाईंच्या ओठांवर आले होते. त्यांनी ते गिळले आणि शिडीला शेजारी बसायची खूण केली.

"ऐक," त्या म्हणाल्या, आणि गोष्टीतली मुलगी घरी पोचेपर्यंतचं सगळं सांगितलं.