‘क्लीन अप’ शिकवणारे रामटेके सर

रामटेके सरांची आणि माझी ओळख झाली तीच वैतागातून. मूल गावच्या शाळेत इंग्रजी शिकवायला रुजू होऊन मला जेमतेम आठवडा झाला होता. फळ्यावर मी ‘क्लीन अप म्हणजे साफ करणे’ असे लिहिले होते. आमच्या विषयाचे ज्येष्ठ शिक्षक असलेले सर आत आले, त्यांनी ते पुसले आणि अख्खा वर्ग व्हरांड्यात नेला. “पसारा कोनं केला? ज्यानं केला त्यानंच उचलायचा. एक कागद राह्यला तरी ते क्लीन अप नाई!” तास संपला, धडा तसाच राहिला.

पुढे बारा वर्षे हेच. सरांनी अर्थ कधी सांगितला नाही, नेहमी करून घेतला. अभ्यासक्रम पुरा करायचे काम अर्थातच माझ्याकडे. मी चिडलो की सर चहा पाजत, आणि कपही मलाच विसळायला लावत.

निवृत्तीनंतर सर जंगलालगतच्या मोहर्ली गावात, रिसॉर्टवर काम करणाऱ्या बायांना इंग्रजी शिकवू लागले. सोबत मलाही ओढलेच. तिथल्या कुंदाबाईंनी एकदा व्हरांड्यात वेफर्सची पाकिटे टाकणाऱ्या पाहुण्याला हात जोडून म्हटले, “सर, प्लीज क्लीन अप.” अर्थ बरोबर, वापर बरोबर, पण तो पाहुणा होता हो! मॅनेजरने बजावले, माफी मागा, नाहीतर उद्यापासून येऊ नका.

मी सरांना म्हटले, मागू द्या माफी, विषय संपेल. सर अडून बसले. “ते काऊन माफी मागन? तिचं काय चुकलं?” मला डोके आपटून घ्यावेसे वाटले. शेवटी कुंदाबाईच म्हणाल्या, “सर, तुमचं बरोबर हाय. पर माई नोकरी गेली तं मी कुठी जाऊ?”

सर उठले. मग चपला घालून रिसॉर्टवर गेले आणि मुलाच्या वयाच्या मॅनेजरसमोर हात जोडून म्हणाले, “त्या बाईले मी शिकवलं. चूक माई आहे, मले माफ करा.” चूक त्यांची नव्हती आणि कुंदाबाईंचीही नव्हती, हे त्यांना पक्के ठाऊक होते. कुंदाबाई आजही तिथे कामावर आहेत. त्या दिवशी परतताना बसमध्ये मला सरांकडे पाहवेना.

सर पंचाहत्तर वर्षांचे होत आहेत. त्यांचे गुडघे धड राहोत, आवाज असाच खणखणीत राहो आणि मला त्यांच्यावर चिडायला आणखी पुष्कळ वर्षे मिळोत. त्यांच्यावर चिडल्याशिवाय मला आता करमत नाही.