वैरागड्यांची तीन मुलं

मधुकरराव वैरागडे बत्तीस वर्षं तहसील कचेरीत वारसनोंदीच्या टेबलावर होते. शेतकरी वारला की त्याच्या नावापुढे 'मयत' लिहायचं आणि खाली मुलाबाळांची नावं ओळीनं मांडायची, हे त्यांचं काम. अक्षर टपोरं, कुठे खाडाखोड नाही. नोंद करण्याआधी समोरच्याला बसवून ते एकदा विचारायचे, "सगळ्याईची नावं सांगितली ना गा? कोणी राहून तर नाही गेलं?" लग्न होऊन गेलेली एखादी बहीण या प्रश्नानंतरच लोकांना आठवायची.

गांधीबागेत कापडाच्या गल्लीमागे आम्ही एकाच मजल्यावर राहायचो, भिंतीला भिंत लागून. त्यांची तिन्ही मुलं माझ्या वर्गातून गेली. थोरली चारुलता भिवापूरला मिरचीच्या व्यापाऱ्याच्या घरात दिली. मधला वसंत इंजिनियर होऊन ऑस्ट्रेलियात, मेलबर्नला गेला. धाकटा केशव. तो नकाशा सुरेख काढायचा आणि गावांची नावं घालायला विसरायचा.

१९७९ च्या जूनमध्ये, एकोणीस वर्षांचा असताना, केशव ताराचंद शिंप्याकडे शिवायला टाकलेली पँट आणायला गेला. ताराचंदनं पोलिसांना सांगितलं ते एवढंच: नवी पँट त्यानं दुकानातच घातली, जुनी कागदात बांधून घेतली, 'कंबरेत बरोबर बसली' म्हणाला आणि गेला. घरात भांडण झालेलं नव्हतं. चिठ्ठीही नव्हती. मधुकररावांनी रजा काढून रायपूरपासून इटारसीपर्यंतची स्टेशनं पालथी घातली आणि मग ते पुन्हा टेबलावर जाऊन बसले.

हुडकेश्वरला त्यांनी एक प्लॉट घेऊन ठेवला होता. निवृत्तीनंतर तिथे दोन खोल्या बांधायचं ठरलं होतं. ते घर झालं नाही. केशवला माहीत असलेला पत्ता गांधीबागेचा होता. नवराबायकोला याविषयी बोलताना मी कधी ऐकलं नाही. प्लॉटवर बाभळी वाढल्या.

दहा वर्षं गेली. मधुकररावांच्या बायकोला, गोपिकावहिनींना, काचबिंदू झाला. त्या जिन्यावरून दोनदा पडल्या. मधुकररावांचा डावा हात अर्धांगाच्या झटक्यानंतर नीट उचलेना. भिवापूरला चौदा माणसांचं घर, आणि लेकीच्या सासरी कायमचं राहणं दोघांनाही मान्य नव्हतं. मग वसंतनं लिहिलं, तुम्ही दोघं इकडेच या, मी अर्ज भरतो.

मधुकरराव पत्र घेऊन माझ्याकडे आले.

"तिकडचा नियम असा आहे, मास्तर. आईबापाले कायमचं बोलवाचं तर निम्मी लेकरं तरी तिकडं राहाले पाहिजे."

"मग?"

"तीनातला एक तिकडं आहे. दोन इकडं." त्यांनी पत्र पुन्हा होती तशी घडी घालून खिशात ठेवलं. "दोनातला एक असता तर बसत होतं."

ते काय म्हणताहेत हे मला थोड्या वेळानं कळलं.

वकिलानं सांगितलं, सात वर्षं ज्याची काही खबर नाही, तो वारला असं कायदा धरतो. कोर्टाकडून तसं लिहून आणा. घरच्यांखेरीज केशवला ओळखणाऱ्या दोघांची प्रतिज्ञापत्रं लागतील. एक माझं. दुसरं ताराचंदचं, कारण त्याला शेवटचं पाहिलं ते ताराचंदनं.

अर्जाचा मसुदा मधुकररावांनी स्वतः लिहिला. मला वाटलं होतं, केशवच्या नावाशी त्यांचा हात अडखळेल. नाही अडखळला. 'मयत' हा शब्द त्यांनी हजारो वेळा लिहिला तसाच लिहिला. मग तो वहिनींना वाचून दाखवला. त्या गव्हातले खडे चाचपून काढत होत्या.

"वय किती लिहिलं त्याचं?"

"गेला तेव्हाचं. एकोणीस."

"आता एकोणतीस आहे तो."

"ते लिहावं नाही लागत."

"बरं," वहिनी म्हणाल्या आणि पुन्हा गव्हात हात घातला.

मी सही केली. ताराचंदनं मात्र कागद मशीनवर ठेवून दिला.

"मी शिवलेली पँट घालून चालत गेला तो, बाबूजी. माझ्यासमोर. मी त्याले मेला कसा म्हणू?"

"मेला म्हणू नको. सात वर्षांत त्याचं काही कानावर आलं नाही, एवढंच आहे त्यात."

"आन् तुमी? तुमी काहून लिहून राहिले मग?"

"मी अर्जदार आहे."

ताराचंद माझ्याकडे बघत राहिला. "वीस वर्षांत यांची एक बाही बिघडवली नाही मी, मास्तरजी, आन् हे माझ्याकडून काय करून घेऊन राहिले बघा." त्यानं सही केली आणि बोटाला लागलेली शाई चिंधीला पुसली.

कोर्टात वहिनींना विचारलं, काही पत्र, निरोप? त्या म्हणाल्या, नाही. पाचेक मिनिटांत सगळं आटोपलं. निकालाची नक्कल हाती आली, त्या दिवशी मधुकरराव तडक रेशन ऑफिसात जाऊन केशवचं नाव कमी करून आले. तिथला कारकून म्हणाला होता, राहू द्या ना, साखर मिळते. पण सगळे कागद जुळायला हवे होते.

परत आल्यावर ते माझ्या दारात उभे राहिले.

"रडू येईल म्हणून वाट पाहून राहिलो, मास्तर. येऊन नाही राहिलं. दाढ काढाच्या आधी सुई देते ना, मग गाल आपला नाही वाटत. तसं आहे सगळं."

मी त्यांना आत बसवलं. त्यांनी चहा घेतला, कप विसळून ठेवला आणि ते गेले.

व्हिसा मिळायला पुढे वर्ष लागलं. तिकडे थंडी फार, म्हणून ताराचंदकडे गरम कोट शिवायला टाकला. निघायच्या आठवड्यात तो घालून बघायला गेले, तेव्हा वहिनी आणि मीही बरोबर होतो. मधुकरराव आरशासमोर कोट चढवत होते. डाव्या हाताला वेळ लागत होता. तेवढ्यात वहिनींनी पदराच्या गाठीतून एक चिठ्ठी काढली.

"ताराचंद, तुझ्या मापाच्या वहीत केशवचं पान आहे का रे?"

"आहे, बाई." त्याला वही चाळावी लागली नाही. खालच्या खणातून एक जुनी वही काढून त्यानं नेमकं पान उघडलं. कंबर अठ्ठावीस, लांबी एकोणचाळीस.

"हे त्यात लावून ठेव. घराला कुलूप पाहून तो इथंच येईल."

चिठ्ठीवर मेलबर्नचा पत्ता होता, मराठीत, वेड्यावाकड्या मोठ्या अक्षरांत. वसंतच्या पत्रावरून त्यांनी तो डोळ्यांशी धरून उतरवला असावा. ताराचंदनं चिठ्ठी त्या पानावर ठेवली आणि टाचणी काढली.

"थांब," मधुकरराव म्हणाले.

वहिनी मान खाली घालून उभ्या राहिल्या. मधुकररावांनी वही हातात घेतली, चष्मा लावला, पत्ता सावकाश वाचला. मग ताराचंदच्या कानावरची पेन्सिल काढून घेतली.

"घर नंबर चुकला वं तुझा. एकाहत्तर नाही. सतरा."

त्यांनी एकाहत्तरवर एक सरळ रेघ मारली, वर सतरा लिहिलं, वही ताराचंदला परत दिली आणि कोटाची उजवी बाही पुढे केली.

"ही जरा लांब वाटते गा. बघ."