सेन्सॉरच्या राज्यातला आमचा छापखाना

आणीबाणीतले आमच्या छापखान्याचे किस्से इतके साचलेत की चहाला चौघं जमले की एखादा निघतोच. लोक पोट धरून हसतात. माझं डोकं मात्र अजून तापतं!

कोल्हापुरात आमचं छोटं साप्ताहिक होतं. संपादक नाना, छपाईचे खिळे जुळवणारा बसाप्पा आणि प्रुफं तपासणारा मी, एवढाच कारभार.

अंक निघण्याआधी सेन्सॉरच्या साहेबाला दाखवावा लागे. एकदा त्यानं 'कळंबा तलाव आटला' ही बातमीच खोडली.

"यानं सरकारविरुद्ध असंतोष पसरतो."

नाना भडकले, "मग तलावालाच हुकूम काढा की, भर म्हणून!"

बातमी गेली. नळावर घागरी आपटत भांडणाऱ्या बायका मात्र तशाच राहिल्या. त्यांना कोण खोडणार?

*

बसाप्पा घरी कन्नड बोलायचा. एकदा मेहुणा आला, दोघं प्रेसच्या दारात बोलत उभे राहिले. साध्या वेशातल्या पोलिसानं दोघांना चौकीत नेलं.

"ही कसली गुप्त भाषा रे?"

"आईशीबी हीच बोलतोय, साहेब. तिलाबी आणू काय?"

थाडकन कानाखाली बसली! बसाप्पा सुटून आला तेव्हा गाल सुजलेला. मी म्हटलं, "घरी जा."

"घरात काय सांगू? आपल्या बोलीपायी मार खाल्ला म्हणून?"

*

शेवटी नानांनाच उचललं. गुन्हा काय, तर सेन्सॉरला न दाखवता अग्रलेखात 'सरकारचं चुकतंय' असं लिहिलं!

तुरुंगात भेटायला गेलो. त्यांच्या बराकीत एक कट्टर डावा, एक कट्टर उजवा. नानांनी दोघांनाही वर्षानुवर्षं झोडपलेलं.

"त्रास होत असेल?"

"छे! दिवसभर कडाकडा भांडतोय. अख्ख्या जिल्ह्यात मोकळं भांडायला हीच जागा उरलीय!"

नाना हसले. मी मात्र सायकल मारत घरापर्यंत शिव्या घातल्या, त्याही मनातल्या मनात!

*

निवडणूक झाली, सरकार पडलं, नाना सुटले.

पडलेल्या पक्षाचा एक पुढारी होता. नानांना धरलं तेव्हा त्यानं चौकात पेढे वाटलेले! आता त्याचं पत्रक कुणी छापेना; नव्या सत्तेवाल्यांनी सगळ्या प्रेसना दम भरलेला. तो मान खाली घालून आमच्या दारात आला.

"हाकला ह्याला, नाना!" बसाप्पा ओरडला. माझंही तेच मत.

नानांनी मजकूर वाचला. "सगळं खोटं लिवलंयस," म्हणाले, आणि तो जुळवायला बसाप्पाच्या हातात दिला.

दुपारी नानांचा बराकीतलाच एक सोबती, आता सत्तेतला, तणतणत आला. टेबलावर हात आपटला.

"नाना, ह्या लोकांनी आपल्याला आत घातलं! तुम्ही आमच्याबरोबर आत होता न्हवं?"

"होतो की! म्हणूनच छापतोय. सरा बाजूला, मशीन चालू करायचंय."