‘लगेच’ म्हणणारी मावशी

कापड बेतण्यात मावशीचा हात धरणारं कुणी नव्हतं. मशीनवर सून बसायची, पण कात्री मावशीची. पोट आत ओढून माप द्यायला उभ्या राहिलेल्या गिऱ्हाइकाला ती म्हणायची, “श्वास सोडा. कपडा तुम्हाला घालायचाय, फोटोला नाही.” मूत्रपिंडं निकामी झाली, आठवड्यातून तीनदा डायलिसिस मागे लागलं, तरी तिने दुकान सोडलं नाही.

डायलिसिसच्या दिवशी मात्र ती कशाच्याच उपयोगाची राहायची नाही. चार तास यंत्राला जोडून घरी आली, की धुतलेलं कापड पिळून टाकावं तशी तिची गत व्हायची. डोकं जड, पाय लटपटते, पिंढऱ्यांत गोळे. दुकानामागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडायची, ती थेट दुसऱ्या सकाळी उठायची. सून जेवण झाकून ठेवायची आणि तसंच उचलायची.

दवाखान्यातल्या सिस्टर दर महिन्याला प्रत्येकाला विचारायच्या, “घरी गेल्यावर बरं वाटायला किती वेळ लागतो?”

“लगेच वाटतं,” मावशी सांगायची. खरं बोललं तर डॉक्टर यंत्रावरचा वेळ वाढवतील, ही एक धास्ती. दुसरं कारण शेजारच्या खुर्चीत बसलेलं असायचं. त्याला सगळे पैलवान म्हणायचे. जन्मभर बस चालवलेला माणूस. कुस्ती कधी खेळला नव्हता, नुसती छाती रुंद. वयाने तिच्याहून बराच मोठा. तोही म्हणायचा, “लगेच.” सुया निघाल्या की केस विंचरायचा आणि शीळ घालत बाहेर पडायचा. मावशीला आपली लाज वाटायची. हा म्हातारा चालत जातो, आणि मी मेली अंथरूण धरते. रोग सगळ्यांचा सारखाच, मीच मनाने पडखाऊ.

याच इरेला पेटून ती एकदा डायलिसिसच्या दुपारी उठली आणि गिऱ्हाइकाचं कापड बेतायला बसली. संध्याकाळी सुनेने तुकडे जुळवले, तर दोन्ही बाह्या डाव्या.

“कापड उरलंय आई, दुसरी निघेल,” सून एवढंच म्हणाली. तिने बोल लावला असता तर बरं, असं मावशीला वाटलं.

पुढच्या खेपेला तिला न्यायला येणाऱ्या मुलाला उशीर झाला. बसायला जागा शोधत ती औषधाच्या दुकानामागे गेली. तिथे बाकावर, बूट उशाला घेऊन, पैलवान आडवा झालेला. चेहरा पांढराफटक.

“काय हो, बोलावू का कुणाला?”

“नको.” त्याने डोळे किलकिले केले. “रोजचंच आहे. जरा पडतो, मग घरी जातो. असा गेलो तर बायको हाय खाईल.”

“आणि सिस्टरला सांगता लगेच बरं वाटतं म्हणून?”

“तुम्ही सांगता ना ताई. म्हटलं, बाईमाणूस एवढी खंबीर, आणि आपण काय रडायचं?”

मावशीला हसू आवरेना, म्हणून ती बाकाचा कठडा धरून खाली टेकली. “मी दुसऱ्या सकाळपर्यंत उठत नाही हो पैलवान.”

त्यानंतर सिस्टरनी विचारलं तेव्हा तिने खरं काय ते सांगितलं. डॉक्टर खुर्चीशी येऊन बसले. रागावले नाहीत, विचारत राहिले. पाणी किती पिता? जेवण खारट असतं का? झोप लागते का? मन उदास असतं का? मावशीला मीठ जास्त लागायचं, मग तहान, मग दिवसभर दुकानात चहा आणि पाणी. दोन खेपांमध्ये साठलेलं ते सगळं पाणी यंत्र चार तासांत खेचून काढायचं.

“एवढ्या घाईने पाणी उपसलं की शरीर गळून जातं,” डॉक्टर म्हणाले. “मीठ कमी करा, आणि यंत्रावर अर्धा तास जास्त बसा. सावकाश काढू.”

ज्याला भीत होती तेच पदरात पडलं. तरी ती बसली. रक्त शुद्ध करणारं यंत्रातलं द्रावणही त्यांनी थोडं थंड ठेवायला सांगितलं, त्याने गळून जाणं कमी होतं म्हणून. ती शाल पांघरून घ्यायची. मिठाच्या बाबतीत सून तिच्यापेक्षा कडक निघाली. हळूहळू मावशी दिवेलागणीला उठू लागली, गरम जेवू लागली.

पैलवानानेही खरं सांगितलं. त्याच्यासाठी हेच सगळं करून पाहिलं, पण त्याला फारसा फरक पडला नाही. हृदय थकलेलं, वयही झालेलं. बरं वाटायला त्याला रात्र लागायचीच. पण आता तो घरी जाऊन स्वतःच्या अंथरुणावर पडायचा. एकदा त्याला न्यायला आलेली बायको मावशीला म्हणाली, “गालावर बुटाच्या नाड्या उमटलेल्या असायच्या, मला काय दिसत नव्हतं? पण इतक्या ऐटीत आत यायचे, म्हटलं असू दे.”

अजूनही मावशीचा एखादा दिवस वाईट जातो. रात्री झोप नसेल, किंवा कुणाशी वाजलं असेल, तर सगळं करूनही अंग उठत नाही. अशा वेळी ती सुनेला हाक मारते. “आज नाही गं जमत. उद्या बेतून देते, असं सांग गिऱ्हाइकाला.”

“सांगते,” सून म्हणते आणि दार लोटून घेते. बाहेर मशीन पुन्हा सुरू होतं, आणि त्या आवाजातच मावशीचा डोळा लागतो.