मालू अबोल नव्हती

मालूचा मुलगा प्रशांत सकाळी कधी फोन करत नाही. त्या दिवशी त्यानं केला, आणि तुमचे आजोबा अंघोळीला गेले होते म्हणून मालू गेल्याचं आधी मला कळलं. झोपेतच गेली. आदल्या संध्याकाळी आम्ही दोघी बराच वेळ बोललो होतो. तिच्या चार तारांच्या युकुलेलेची एक तार सारखी उतरत होती, नवी तार कुठं मिळेल, एवढाच विषय. रोजच्यासारखं बोलणं, रोजच्यासारखी तिची थट्टा... आणि सकाळी ती नाही. आजोबा बाहेर आले तेव्हा हातातला टॉवेल तसाच धरून बराच वेळ उभे राहिले. त्यांची एकुलती एक धाकटी बहीण होती ती.

ईरा, नील, तुम्ही तिला आत्याआजी म्हणत होता, आणि इतक्या लांबून तुम्हाला येता आलं नाही. म्हणून तिच्याबद्दल तुम्हाला नीट लिहून कळवायचं मी ठरवलं होतंच. पण हे पत्रानं न पाठवता वर्तमानपत्राच्या पुरवणीकडे पाठवते आहे, त्याला कारण आहे. अकोल्याच्या काही मंडळींनीही हे वाचावं अशी माझी इच्छा आहे.

तेराव्याला अकोल्यात प्रशांतच्या जठारपेठेतल्या घराच्या अंगणात मांडव घातला होता आणि जेवणाआधी श्रद्धांजलीची भाषणं झाली. मालूच्या भजनी मंडळाच्या अध्यक्षा निर्मलाबाई आधी उभ्या राहिल्या. माईकवर दोनदा फुंकर मारून म्हणाल्या, "मालूताई म्हणजे शांततेची मूर्ती. अबोल स्वभाव. कधी कोणाला उलटून बोलल्या नाहीत, कधी स्वतःसाठी काही मागितलं नाही." त्यांच्यानंतर जे जे उठले त्यांनी तेच पुन्हा सांगितलं. शांत, सोशिक, अबोल. मान डोलावून लोक ऐकत होते आणि माईक मधूनमधून किंचाळत होता. मी पुढच्याच खुर्चीवर बसले होते, आणि खरं सांगते, दुःखापेक्षा संतापच मला जास्त झाला. कारण मालू अबोल नव्हती. तिच्या आजूबाजूचे लोक मोठ्यानं बोलत होते. या दोन गोष्टी निराळ्या आहेत.

लग्न होऊन मी अचलपूरच्या घरी आले तेव्हा मालू शाळेत होती आणि बाजाच्या पेटीवर तिचा हात छान चालायचा. सासूबाई एक पाळण्याचं गाणं म्हणायच्या, अगदी खालच्या आवाजात, आणि मालू ते पेटीवर तितक्याच हलक्या हातानं उचलायची. पुढं तिचं लग्न अकोल्याच्या वकिलांशी झालं. वकीलसाहेबांचा आवाज असा की तुमचे आजोबा म्हणत, याला फोनची गरज नाही, खिडकी उघडली की इथं अमरावतीला आपल्या घरी ऐकू येतं. बायकोला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तरही तेच देत. मी विचारावं, "मालू, चहा घेतेस?" तर बाहेरच्या खोलीतून आवाज यायचा, "ती घेत नाही चहा." मालू माझ्याकडे पाहून हसायची आणि कानाशी येऊन म्हणायची, "यायले असंच वाटते, वहिनी. दुपारी दोन कप पेते मी." तिची पेटी माळ्यावर गेली, कारण बाहेर पक्षकार बसलेले असत. पक्षकारांना पेटीचा त्रास होतो, वकीलसाहेबांच्या आवाजाचा होत नाही, हे तर्कशास्त्र मला आजवर समजलेलं नाही. पेटीच्या भात्याला उंदरांनी भोकं पाडली तेव्हा ती भंगारात गेली.

वकीलसाहेब गेल्यानंतरच्या उन्हाळ्यात तुम्ही दोघं आला होता. जाताना नीलच्या बॅगेचं वजन जास्त झालं म्हणून त्याचा युकुलेले, गिटारसारखाच पण हातभर लांबीचा, मालूकडे राहिला. घरातल्या सगळ्यांनी तो खेळणं समजून कपाटावर ठेवला. मालूनं तो खाली काढला, मोबाइलवर शिकवणीचे व्हिडिओ पाहिले, आणि दिवाळीपर्यंत सासूबाईंचं ते गाणं त्या चार तारांवर बसवलंसुद्धा. मला म्हणाली, "पेटीहून हलकं हाये हे, अन् आता पक्षकारबी येत नाईत." प्रशांतला मात्र ही गंमत वाटायची. पाहुण्यांना सांगायचा, आमच्या आईला या वयात गिटारचा नाद लागलाय. ते गिटार नाही, हे त्यानं एकदाही लक्षात ठेवलं नाही.

अडचण आली ती मंडळात. दर शुक्रवारी देवीच्या देवळात भजन असतं. ढोलकी, झांजा, पेटी, आणि निर्मलाबाईंचा माईक. एवढ्या कल्लोळात नायलॉनच्या चार तारा कोण ऐकणार? मालूनं फोनवर सांगितलं, "वहिनी, मी वाजवून राहिली का नुसती खाजवून राहिली, हे शेजारच्या बाईलेबी समजत नाई." निर्मलाबाईंनी तिला सल्ला दिला की टाळ घ्या, तो ऐकू येतो. मालू म्हणाली, टाळ घेणाऱ्या बारा जणी हायेत. आणि तिनं ठरवलं की एक छोटासा ॲम्प्लिफायर घ्यायचा.

तो तिनं कसा निवडला हे मला तपशिलात सांगायचं आहे. ज्यांना ती काहीच न मागणारी बाई वाटते त्यांनी हे जरूर वाचावं. आधी प्रशांतनं स्वतःचा ब्लूटूथचा स्पीकर पुढं केला. मोबाइलमधून आवाज त्यात पाठवला, पण तार छेडल्यावर आवाज क्षणभर उशिरा उमटायचा. इतरांना तो उशीर जाणवेना. मालूला पहिल्या ओळीतच जाणवला. "मी समेवर पोचली अन् माहा आवाज अजून रस्त्यातच हाये," म्हणाली आणि स्पीकर त्याला परत दिला. मग ती अकोल्यातल्या एका दुकानात गेली. तिथल्या माणसानं चाकांची एक मोठी पेटी ओढत आणली, तिच्यात रंगीत दिवे लागत होते. म्हणाला, "आजी, हा घ्या. गल्ली हालते." मालू म्हणाली, "मले गल्ली नाई हालवायची, बाप्पा. मागच्या ओळीतल्या बायाइले ऐकू आलं म्हनजे झालं." त्यानं तिला वेड्यात काढलं असणार. आमच्या गावांत आता आवाज या शब्दाचा अर्थ एवढाच उरला आहे, खिडक्यांच्या काचा थरथरतील तो. वरातीत तोच, जयंतीला तोच, बारशाला तोच. ज्याला तेवढा नको त्यानं गप्प बसावं. मधलं काही दुकानात ठेवतच नाहीत.

शेवटी ती बस धरून अमरावतीला आली आणि आम्ही दोघी राजकमल चौकाजवळच्या एका वाद्यांच्या दुकानात गेलो. तिथंही आधी इलेक्ट्रिक गिटारचा ॲम्प्लिफायर काढला. त्यातून युकुलेले ऐकला आणि पत्र्याच्या डब्यात कुणी खडे घालून हलवावेत असं वाटलं. मालूनं मान हलवली. मग दुकानदारानं एक लहानसा तपकिरी डबा काढला, चार्ज करून वापरायचा, खास लाकडी वाद्यांसाठी केलेला. म्हणजे लाकडाचा आवाज मोठा करतो पण लाकडासारखाच ठेवतो. युकुलेलेच्या पोटावर सुपारीएवढी चकती चिकटवायची, तिची वायर डब्यात घालायची. मालू स्टुलावर बसली, मला दुकानाच्या पार मागच्या भिंतीशी उभं केलं आणि सासूबाईंचं गाणं वाजवलं. "वहिनी, ऐकू आलं?" मी म्हटलं, आलं. "जोरात आलं का बरोबर आलं?" मी म्हटलं, बरोबर आलं. डबा पाठीशी ठेवला की शिट्टी वाजते, पुढं ठेवला की वाजत नाही, हे तिनं स्वतः फिरवून फिरवून शोधलं. देवळात विजेचा एकच प्लग आहे आणि तो निर्मलाबाईंच्या माईकचा, म्हणून चार्जिंग किती टिकतं ते विचारलं. दुकानदार डबा उचलून रिक्षात ठेवायला निघाला तर त्याला थांबवलं. "तू नको उचलू. दर शुक्रवारी येशील काय देवळात?" स्वतः उचलून दारापर्यंत नेला, परत आणला आणि मग घेतला. त्याला दोन भोकं होती, एक वाद्याचं आणि एक माईकचं. पुढंमागं वाटलं तर हळू आवाजात गाईनही, म्हणाली.

आता पुढचं ऐका. पहिल्या शुक्रवारी निर्मलाबाईंनी तो डबा पाहिला आणि म्हणाल्या, "डबल हाये काय व? बरं झालं, आपला स्पीकर कुरकुर करून राहिला." आणि आपला माईक दुसऱ्या भोकात खुपसला. झालं. मालू बटण खाली करायची, निर्मलाबाई वर करायच्या. संध्याकाळभर युकुलेले पुन्हा गाडलेला. मला फोन आला. "वहिनी, मी तो डब्बा हातानं उचलून निर्मलाबाईसाठी नेला काय?" मी पुढच्या शुक्रवारी मुद्दाम अकोल्याला गेले, जरूर पडली तर दोन शब्द बोलायला. मला बोलावं लागलं नाही. मालूनं घरूनच दुसऱ्या भोकावर औषधाच्या दुकानातली चिकटपट्टी आडवी-उभी लावून आणली होती.

निर्मलाबाई माईकची वायर हातात घेऊन उभ्या. "हे काहून बंद केलं, मालूताई?"

"माहा आवाज निघून जाते तिकून," मालू म्हणाली.

"म्हनजे माईक नाई लावायचा?"

"तुमचा तुमच्या स्पीकरले लावा ना. कुरकुरते त कुरकुरू द्या."

दोन बाया पदर तोंडाला लावून हसल्या. मालूनं कुणाकडे न पाहता वाजवायला सुरुवात केली. ढोलकीवाल्या बाईनं पहिल्या दोन ओळी ठेका धरला आणि मग आपणहून हात थांबवला. मी मागच्या ओळीत भिंतीला टेकून होते. सासूबाईंचं गाणं तिथपर्यंत आलं, जसंच्या तसं, खालच्या आवाजात. माझ्या शेजारच्या बाई म्हणाल्या, "आमच्या मायचं होतं व हे." ... त्यानंतर ती जाईपर्यंत दर शुक्रवारी एक गाणं मालूचं असायचं, आणि ते कुणी मोठ्या मनानं दिलेलं नव्हतं, तिनं घेतलेलं होतं. निर्मलाबाई तिथंच, दोन हातांच्या अंतरावर बसलेल्या असत. आणि तेराव्याला त्याच बाई माईकवरून सांगतात की मालूताई कधी उलटून बोलल्या नाहीत.

हे एवढ्यावर थांबलं असतं तर मी कदाचित गप्प बसले असते. पण गेल्या महिन्यात प्रशांतकडे गेले, शुक्रवार होता, म्हणून देवळात डोकावले. मालूचा डबा देवीसमोर खुर्चीवर ठेवलेला. त्याच्या पुढच्या कापडी जाळीवर, जिथून आवाज बाहेर येतो नेमकं तिथं, पांढऱ्या ऑइलपेंटनं ठळक लिहिलं होतं, 'कै. मालतीबाई यांच्या स्मरणार्थ मंडळास सप्रेम भेट'. आपल्याकडे देवळातल्या पंख्याच्या पात्यांवर, बाकांवर, प्रसादाच्या पातेल्यांवर नावं घालतात, तसंच. पंखा नाव घातल्यानं फिरायचा थांबत नाही. पण जाळीवर पेंट थापला तर आवाज आत कोंडतो, एवढा विचार एकाही शहाण्याला सुचला नाही. चिकटपट्टी उपटलेली होती. दुसऱ्या भोकात माईक होता, आणि त्यातून निर्मलाबाई सांगत होत्या की चपला ओळीत ठेवाव्यात आणि महाप्रसादाचे डबे घरून आणावेत.

मी पुढं गेले, वायर काढली, डबा उचलला. देवळात कुजबुज सुरू झाली.

निर्मलाबाई म्हणाल्या, "अहो बाई, देवीले दिलेली वस्तू हाये ते. परत नेत नसतात."

"कोणी दिली?"

"प्रशांतनं दिली. आईच्या नावानं."

"आईला विचारून?"

त्या सुटलेली वायर गोळा करायला लागल्या. मी म्हटलं, "हे भोक मालूनं स्वतःच्या हातानं बंद केलं होतं, निर्मलाबाई. तुमच्यासमोर. तुम्हाला स्मरण करायचंच असेल तर तेवढं करा." आणि निघाले. आयुष्यभर देवळात मी खालच्या मानेनं उभी राहिलेली बाई आहे. त्या दिवशी मान खाली घालावी असं मला वाटलं नाही. डबा बसमध्ये मांडीवर घेऊन अमरावतीला आणला, रिक्षातून स्वतः उतरवला.

प्रशांतचा फोन आलाच. "मामी, हे काय केलं? मंडळाच्या बाया घरी येऊन गेल्या. मी आईची आठवण राहावी म्हणून दिला होता." त्याच्या मनात वाईट नव्हतं, हे मलाही कळतं. पण त्यामुळं माझा राग कमी झाला नाही. मी म्हटलं, "नाव सगळ्यांना आठवतं रे. ती काय म्हणत होती ते आठवतं का तुला?" मग तोच म्हणाला, "युकुलेलेपण घेऊन जा मामी. इथं पडूनच आहे." पुढच्या रविवारी स्वतः आणून दिला. गिटार म्हणाला नाही.

आता दोन्ही वस्तू आमच्या बैठकीतल्या खिडकीपाशी आहेत. पेंट मी काढलेला नाही, खरवडला तर जाळी फाटेल. मला वाजवता येत नाही आणि सांध्यांमुळं आता येणारही नाही. पण बॅटरी नुसती पडून राहिली तर मरते, म्हणून दर रविवारी सकाळी चार्जिंगला लावते. झालं की वायर जोडते, डबा पुढं ठेवते, पाठीशी नाही, आणि अंगठ्यानं एक तार छेडते. पेंटमुळं आवाज जरा दबका येतो. बटण थोडं वर करायचा मोह होतो, पण करत नाही. तुमचे आजोबा तेव्हा आतल्या खोलीत पेपर वाचत असतात.

"आला का हो?" मी विचारते.

"आला," ते आतून म्हणतात. "राहू दे तेवढाच."