दात काढणारा भोपळा

समस्त चिखलीकरांना अत्यंत गांभीर्यानं कळवण्यात येतं की, आमच्या भाजीवाल्याला आजवर एकाही गिऱ्हाइकाला घाबरवता आलेलं नाही. भाजी तोलता तोलता तो मोबाइलवर परदेशी हॅलोविन सणातली भुतं, दात कोरलेले भोपळे दाखवतो आणि "पाह्यलं का?" म्हणत स्वतःच दचकतो.

परवा त्यानं तसाच लाल भोपळा कोरला. वाकडे दात, आत पेटती बॅटरी. मग येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या तोंडाकडे आशेनं बघत बसला.

एक मावशी थांबल्या. आमच्याकडे अख्ख्या भोपळ्याला बाया पहिला चाकू लावत नाहीत, पुरुषाला हाक मारावी लागते. मावशींनी बॅटरी काढून त्याच्या हातात दिली आणि भोपळा पिशवीत घातला.

"बरं झालं, तूच चाकू लावला. आता कोणाले बलवाचं काम नाही."

भाजीवाल्याच्या तोंडून निघून गेलं, "मावशी, जरासं तरी भ्या ना वो."